जिराफाच्या गुडघ्याएवढी

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारातल्या तमाम तराजूंचे काटे तपासत हिंडायचे, म्हणून दुकानदारांनी त्यांना हे नाव बहाल केलं. बाजारातून ते इमारतीत आलं, इमारतीतून टपालात गेलं, आणि एकदा तर एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर ‘श्री. व सौ. काटे’ असं लिहून आलं. सौभाग्यवती त्या लग्नाला गेल्या नाहीत.

काटेकोर हा शब्द कशावरून आला यावर विद्वानांनी हवा तितका वाद घालावा. घरच्यांच्या मते तो सरळ यांच्यावरूनच आला होता. थोरल्या मुलाच्या, म्हणजे दादाच्या, वाढदिवसाला केक कापायला यांनी सुरीबरोबर पट्टीही आणली होती. पडदे शिवून आले की बायको ते आधी टांगायची आणि मग यांना दाखवायची, कारण टांगलेला पडदा मोजायला शिडीवर चढावं लागतं आणि शिडीच्या दुसऱ्या पायरीवर यांना घेरी येते. खिशात मात्र कायम एक पोलादी टेप, खात्याने तपासून शिक्का मारलेली. उभा बाजार त्या टेपेला वचकून होता.

अशा माणसाने दोन लहान मुलं घेऊन जादूनगरीत जायचं ठरवलं. ठरवलं असं आपलं म्हणायचं. ठरवलं धाकटीने, मंजूर केलं आईने, आणि मग यांना सांगण्यात आलं की तुम्ही ठरवलंय.

धाकटी पहिलीत होती आणि इमारतीच्या आवारात कच्चा लिंबू होती. कच्चा लिंबू म्हणजे खेळात असून नसल्यासारखा. तो पळतो, लपतो, सगळ्यांपेक्षा जास्त ओरडतो. पण त्याला कुणी पकडलं तरी तो आउट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. लिंबू हा शब्द नपुंसकलिंगी असल्यामुळे ‘कच्चं लिंबू’ म्हणायला हवं, असं काटेसाहेबांनी एकदा खाली जाऊन मुलांना समजावून सांगितलं होतं. मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या दिवशी धाकटीला खेळायलाच घेतलं नाही.

लांबून बघणाऱ्याला हे पद मोठं सुखाचं वाटेल. आउट व्हायची भीती नाही, राज्याची कटकट नाही. सरकारी नोकरीत याला बढती म्हणतात. धाकटीला मात्र ते जिव्हारी लागलं होतं. एकदा लपाछपीत ती पाण्याच्या टाकीमागे लपली, ती अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहिली. शोधायला कुणी आलंच नाही, कारण लिंबाला शोधून उपयोग काय? घरी आल्यावर ती रडली नाही. नुसतं म्हणाली, “आई, मी इतकी छान लपले होते ना, की वायाच गेलं.” हे ऐकून काटेसाहेबांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

आवारातल्या मुलांचं नेतृत्व समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मुलीकडे होतं. तिला सगळे कप्तान म्हणत. तिचे स्वतःचे पुढचे दोन दात पडलेले असल्यामुळे तिचे हुकूम जरा फुसफुसत यायचे, पण त्यावर अपील नसायचं. तिने निकाल दिला: जो जादूनगरीतल्या उडत्या अजगरात बसून येईल, तो पक्का. धाकटीने त्याच संध्याकाळी घरी येऊन आपण कधी निघायचं एवढंच विचारलं.

आता उडत्या अजगराची अडचण अशी, की त्याच्या दाराशी एक लाकडी जिराफ उभा असतो. त्याच्या गुडघ्यावर लाल रेघ आहे. त्या रेघेपर्यंत डोकं पोचलं तर आत, नाही तर आईबापांबरोबर बाकावर. रेघ किती उंचीवर आहे ते जादूनगरीच्या जाहिरातीत दिलं होतं. काटेसाहेबांनी धाकटीला स्वयंपाकघराच्या दाराशी उभं केलं, डोक्यावर पाटी आडवी धरली, पेन्सिलने खूण केली आणि टेप लावली.

एक बोट कमी.

“एक बोट म्हणजे काय हो,” बायको हळूच म्हणाली, “तोवर वाढेल. आणि तिथे कोण टेप घेऊन बसलंय?”

“एक बोट म्हणजे एक बोट,” काटेसाहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी बाजारात आजवर कित्येकांना ऐकवलं होतं. पण दाराला पाठ टेकवून, टाचा जुळवून, श्वास रोखून उभ्या असलेल्या पोरीने “पुरले का, बाबा?” असं विचारल्यावर त्यांच्या तोंडून ते फुटेना. ते म्हणाले, “बघू हं.” बघू हा शब्द कुठल्या तरी भित्र्या बापाने शोधून काढला असणार. त्यात नाही म्हटल्याचं समाधान असतं आणि नाही म्हटल्याचा त्रास नसतो.

बोटभर उंचीचा हा प्रश्न इमारतीला समजायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त रोखपालकाका म्हणाले, मुलीला सकाळ-संध्याकाळ दांडीला लोंबकळायला लावा. घरात दांडी म्हणजे एकच, न्हाणीघरातली टॉवेलची. तिला धाकटी लोंबकळली. धाकटी वाढली नाही, दांडी भिंतीतून बाहेर आली. डॉक्टरीणबाईंनी भरपूर झोपायला सांगितलं, कारण मुलं झोपेत वाढतात. मग धाकटी भर दुपारी डोळे मिटून पडायची आणि मधूनच एक डोळा उघडून विचारायची, “वाढले?” तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “एवढा कसला विचार करताय? दोन जोड मोजे घाला आणि केसांचा अंबाडा डोक्याच्या मधोमध बांधा.” काटेसाहेबांना हे ऐकवेना. तेलात भेसळ करणारे निदान घरच्या माणसांना त्यात ओढत नाहीत, असं ते म्हणाले, आणि आजी त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या.

दादाला कुणी काही विचारलंच नाही. दादा चौथीत, ताडमाड वाढलेला. जिराफाच्या गुडघ्याचं त्याला कसलं भय! भय अजगराचं होतं. नुसतं चित्र पाहून त्याच्या पोटात कळ आली होती आणि ती निघायच्या दिवसापर्यंत मुक्कामाला होती. देवाने एकाच घरात उंची एकाला दिली आणि हिंमत दुसरीला, यात कुठेतरी मापात घोळ झाला होता, पण देवावर खटला भरायची तरतूद खात्यात नाही.

रजेचंही सोपं नव्हतं. अर्जावर कारण लिहायचं होतं. काटेसाहेबांनी ‘मुलांचे मनोरंजन’ असं लिहिलं. वरिष्ठांनी ते परत पाठवलं, कारण रजेच्या नियमांत आजारपण आहे, बाळंतपण आहे, मृत्यू आहे, मनोरंजन नाही. शेवटी हेडक्लार्कच्या सल्ल्याने ‘कौटुंबिक निकड’ असं लिहिल्यावर रजा मंजूर झाली, आणि कचेरीतले दोघेजण घरी समाचाराला येऊन बसले.

निघताना बायकोने एकच अट घातली. टेप घरी राहील. तिने यांचे खिसे स्वतः तपासले. धाकटीच्या पाण्याच्या बाटलीची पिशवी तपासायची तिला बुद्धी झाली नाही.

जादूनगरीच्या दारात सामानाची तपासणी होती. पहारेकरीणबाईंनी धाकटीच्या पिशवीत हात घातला आणि टेप वर काढली. बायकोने यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचं माप घेणारं उपकरण अजून निघालेलं नाही.

“धातूची धारदार वस्तू आत नेता येणार नाही,” पहारेकरीणबाई म्हणाल्या.

“धारदार? अहो, ही खात्याची टेप आहे!” काटेसाहेब म्हणाले, आणि बोलण्याच्या भरात त्यांनी ओळखपत्र पुढे केलं. बाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, टेप दोन्ही हातांनी परत दिली, सलाम ठोकला, आणि मग पाठ फिरवून हातातल्या यंत्रात हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या. काटेसाहेबांना वाटलं, किती शिस्त आहे!

आत शिरल्यावर सगळी माणसं उजवीकडे वळतात, तेव्हा आपण डावीकडे वळायचं, म्हणजे रांगा लागत नाहीत, असा रोखपालकाकांचा खास सल्ला होता. ते डावीकडे वळले. रांग खरोखरच नव्हती, कारण तिकडे नगरीची धोबीखोली होती. दोरीवर भल्यामोठ्या उंदरांच्या कातड्या वाळत होत्या आणि पायरीवर एक अस्वल आपलं डोकं काखेत धरून चहात बिस्किट बुडवत बसलं होतं. त्याच्या मानेवर एका मिशाळ माणसाचं डोकं होतं. दादाने किंकाळी फोडली. धाकटीने जवळ जाऊन अस्वलाची पाहणी केली आणि विचारलं, “काका, तुम्हाला याने गिळलं, का तुम्हीच आत गेलात?”

“पोटासाठी आत गेलो, बाळा,” अस्वल म्हणालं.

तिथून वाट विचारत, माघारी येत, ते एकदाचे माणसांत आले. त्या दिवशी त्यांची बडदास्त काही वेगळीच राखली जात होती. आइस्क्रीमवाल्याने कोनावर एवढं आइस्क्रीम चढवलं की दादाच्या हातात ते पोचेपर्यंत अर्धं बुटावर आलं. “वजनात काही कमी नाही ना, साहेब?” त्याने अजिजीने विचारलं. मक्याच्या लाह्यांवालीने पुडा गच्च भरून वर एक मूठ टाकली आणि “बघून घ्या हं,” म्हणाली. काटेसाहेब भारावले. ग्राहकाला असं वागवणारी माणसं अजून आहेत, हे आपल्या कनिष्ठांना सांगायला हवं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

“अहो, तो निळ्या सदऱ्यातला माणूस मघापासून आपल्या मागे आहे,” बायको म्हणाली.

“एवढी गर्दी आहे. कुणी ना कुणी मागे असणारच.”

आणि मग अजगर दिसला. हिरवा, पिवळ्या ठिपक्यांचा, लांबलचक. तो झाडांच्या वर जात होता, तिथून खाली झेपावत होता, मधेच पोट वर करून उलटा होत होता, आणि त्याच्या पाठीवरची माणसं एका सुरात बोंबलत होती. दादा हातातल्या लाह्या विसरला. काटेसाहेबांनी जवळचा कठडा धरला. धाकटी हात सोडून सरळ जिराफाकडे चालू लागली.

काटेसाहेब मागोमाग निघाले ते मनात वाक्य जुळवत. पुढच्या वर्षी येऊ. एक बोट म्हणजे काही फार नाही. तुझी चूक नाही. तिथला चालक तिला जिराफाला टेकवून उभं करेल, मान हलवेल, आणि आपण हे वाक्य म्हणायचं. चालकाने तिला उभं केलं. केस तळहाताने दाबले. वाकून पाहिलं. आणि तिच्या मनगटावर जिराफाचा लाल शिक्का मारला.

“जा, ताई. रांगेत उभी राहा.”

धाकटीने आधी शिक्क्याकडे पाहिलं, मग बाबाकडे. “बाबा! मी वाढले!”

“बघा! म्हणत नव्हते मी?” बायकोने धाकटीला उचलूनच घेतलं. काटेसाहेबांचं जुळवलेलं वाक्य वायाच गेलं.

रांग लांब होती आणि विचार करायला रांगेसारखी जागा नाही. सकाळी निघण्याआधी त्यांनी धाकटीला पुन्हा मोजलं होतं, झोपेतच, चादरीवर. एक बोट कमी. आता माणूस सकाळी किंचित लांब असतो आणि दिवसभरात दबतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे दुपारी पोरगी आणखी कमी भरायला हवी. ती जास्त कशी भरली? तेव्हा एक तर जिराफ खोटा, नाही तर टेप खोटी. आणि टेप खोटी असेल तर? तर त्या टेपेच्या जोरावर ज्याच्या आखूड गजावर खटला भरला, तो कापडवाला? तो तर ढसाढसा रडला होता. काटेसाहेबांना दरदरून घाम फुटला. शिक्का मारलेली टेप! पुढे धाकटी शिक्का मारलेला हात उंच धरून उभी होती, अख्ख्या रांगेला दिसावा म्हणून.

“मी जरा पाणी आणतो,” ते म्हणाले.

“बाटली भरलेली आहे.”

“गार आणतो.”

जिराफापाशी त्या वेळी कुणी नव्हतं. काटेसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, टेप काढली आणि मुलं उभी राहतात तिथपासून लाल रेघेपर्यंत लावली. जाहिरातीत लिहिलेल्यापेक्षा बरोब्बर एक बोट कमी. ते गुडघ्यांवर बसले. जिराफाच्या पायाशी जाड रबरी चटई अंथरलेली होती, नवीकोरी. मुलं घसरतात म्हणून कुणीतरी टाकली असावी. त्यांनी तिचं टोक उचललं. जिराफाला खूर होते, चांगले काळे रंगवलेले, आणि ते बोटभर चटईखाली गाडले गेले होते.

टेप खरी निघाली! काटेसाहेबांना वाटलं, जिराफाचा मुका घ्यावा. कापडवाला चोरच होता! हा आनंद फार तर चटईचं टोक हातात होतं तोवर टिकला. टेप खरी, म्हणजे पोरगी कमी. त्यांनी रांगेकडे पाहिलं. धाकटी आता अगदी पुढे पोचली होती आणि पुढच्या माणसाला मनगट दाखवत होती.

काटेसाहेबांनी चटईचं टोक हळूच खाली सोडलं आणि ते पायाने नीट बसवलं. एका बोटाने काय होतंय, असं ते पुटपुटले. आणि दचकले. कारण हे वाक्य त्यांचं नव्हतं. हे तेलवाल्याचं वाक्य होतं, धान्यवाल्याचं होतं, त्या कापडवाल्याचं तर ब्रीदवाक्य होतं. नोकरी लागल्यापासून ते दररोज ऐकत आले होते आणि आज ते आपल्याच तोंडून, आपल्याच आवाजात ऐकू आलं होतं.

“सापडलं का काही, साहेब?”

मागे निळा सदरा उभा होता, आणि त्याच्या पुढे गळपट्टा सैल केलेले, धापा टाकणारे एक स्थूल गृहस्थ. ते जादूनगरीचे व्यवस्थापक होते. सकाळी दारात ओळखपत्र दिसल्यापासून त्यांच्या जिवाला शांतता नव्हती.

“मी रजेवर आहे हो,” काटेसाहेब म्हणाले.

“कळलं, साहेब. मागचे साहेबही रजेवरच आले होते.” व्यवस्थापकांनी चटई पाहिली, टेप पाहिली, खूर पाहिले आणि ते पांढरेफटक पडले. “अजगर बंद करा!” ते यंत्रात ओरडले. “ताबडतोब बंद!”

“अहो, पण... तसं मी काही...”

अजगर बंद झाला. नेमका कधी बंद झाला म्हणाल, तर धाकटीसाठी साखळी उघडली होती आणि तिचं एक पाऊल आत पडलं होतं तेव्हा. चालकाने तिला उचलून बाहेर ठेवलं आणि साखळी लावली. रांगेत कुजबुज झाली, मग गलका झाला. कोण तो? तपासणीवाला! कुठाय? तो काय, टेपवाला! हां हां म्हणता काटेसाहेबांभोवती कोंडाळं जमलं. नातवंडांना घेऊन आलेल्या एक आजी पुढे सरसावल्या. “अहो, तुम्हाला स्वतःची मुलंबाळं आहेत की नाहीत?”

“आहेत.”

“मग कुठायत?”

“रांगेत,” काटेसाहेब म्हणाले. बायको तिथूनच त्यांच्याकडे बघत होती. दादा मात्र टवटवीत झाला होता. त्याच्या पोटातली कळ बरी झाली होती आणि तो उरलेल्या लाह्या खात होता.

व्यवस्थापकांनी हात जोडले. “साहेब, चटई काढतो. पण मघापासून आत सोडलेल्या पोरांना शिक्के मारलेत, ते चुकीचे. आता माझ्या माणसाने मोजलं तर लोक ऐकणार नाहीत. तुम्हीच मोजा, तुमच्या टेपेने. नाही तर आजचा दिवस अजगर बंद.”

“मी रजेवर...”

“मोजा हो!” कोंडाळं एका आवाजात म्हणालं.

अशा रीतीने, कौटुंबिक निकडीसाठी काढलेल्या रजेत, काटेसाहेब उन्हात जिराफाशेजारी उभे राहून लोकांची पोरं मोजू लागले. जी भरायची ती उड्या मारत जायची. जी भरायची नाहीत ती तिथेच भोकाड पसरायची. कुणी केसांसकट मोजा म्हणे, कुणी बुटांसकट. एका बापाने “एका बोटाने काय होतंय, साहेब?” असं विचारलं. काटेसाहेबांनी मघाच चालकाला हेच विचारून घेतलं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, “आतला दांडा मांड्यांवर बसायला हवा. लहान मुलाच्या तो पोटावर येतो, आणि खाली फट राहते. अजगर उलटा होतो.” त्या बापाने वर पाहिलं आणि मुलाला मुकाट्याने कडेवर घेतलं.

आणि मग टेपेसमोर धाकटी आली. टाचा जुळवलेल्या, श्वास रोखलेला, शिक्का पुढे धरलेला.

काटेसाहेबांनी टेप लावली. अंगठा किंचित वर धरला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. बाप तर तेच होते. त्यांनी दोन्ही हातांनी टेप ताठ केली.

“बाबा, पुरले का?”

या वेळी ते बघू म्हणाले नाहीत. “एक बोट कमी आहे, बाळा.”

“परत मोज.”

त्यांनी परत मोजलं. “एक बोट.”

“जिराफाने मोजलं तेव्हा मी पुरले होते,” धाकटी म्हणाली. “तू मोजलंस म्हणून कमी पडले.”

मघाच्या आजींनी चष्मा काढून पुसला. धाकटी रडली नाही. ती वळली आणि बाकाकडे चालत गेली. तिच्या मागे दादा होता. तो जिराफापुढे गुडघे वाकवून उभा राहिला, पण तरीही भरला. बायकोने खांद्यावरच्या दोन्ही पिशव्या काढून यांच्या गळ्यात अडकवल्या. “मी जाते दादाबरोबर,” एवढंच ती म्हणाली. सकाळपासून तिच्या वाट्याला पिशव्यांपलीकडे काही आलेलं नव्हतं, हे काटेसाहेबांच्या आता ध्यानात आलं. थोड्याच वेळात वरून किंकाळ्या ऐकू यायला लागल्या. एक दादाची होती. दुसरी बायकोची, पण तिच्यात भीती औषधालाही नव्हती. लग्न झाल्यापासून तिचा एवढा मोठा आवाज त्यांनी ऐकला नव्हता, आणि तो ऐकून त्यांना तशाही स्थितीत बरं वाटलं.

बाकावर आणि बाकाखाली सगळी कमी पडलेली पोरं जमा झाली होती आणि आपापल्या सुरात रडत होती. धाकटी कडेला बसून मनगटावरचा शिक्का थुंकी लावून पुसत होती. काटेसाहेब दोन्ही पिशव्यांसह तिच्याजवळ बसले.

“आइस्क्रीम आणू?”

“नको.”

“छोट्या चक्रात बसायचं?”

“नको. तू मला मोजू नकोस, बस.”

“नाही मोजणार,” काटेसाहेब म्हणाले. “मला वाटत होतं तू पुरावीस. फार वाटत होतं.”

धाकटीने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. शेजारी एक मुलगा इतक्या जोरात रडत होता की बोलणं अवघड होतं. तिने त्याला कोपराने ढोसलं.

“ए, तुला किती कमी?”

“दोन बोटं,” तो हुंदके देत म्हणाला.

“मला एक.” तिने पलीकडच्या मुलीला विचारलं. तिला तीन. तिच्या पलीकडच्याला अख्खी वीत. धाकटी उभी राहिली. तिने सगळ्या पोरांवरून नजर फिरवली आणि तिच्या लक्षात एक गोष्ट आली, जी आजवर तिच्या बाबतीत कधी घडली नव्हती. इथे तिच्यापेक्षा उंच कुणीच नव्हतं.

“चला रे,” ती म्हणाली, “पकडापकडी. त्या झाडापासून या बाकापर्यंत. राज्य कुणावर ते मी सांगते.”

भोकाडं एकामागोमाग एक बंद झाली. पोरं उठली. सर्वांत शेवटी वीतभर कमी पडलेलं ते गिड्डं, नाक पुसत, घसरती चड्डी धरत येऊन उभं राहिलं.

“हा नको,” दोन बोटंवाला म्हणाला. “नाही तर हा कच्चा लिंबू.”

धाकटी त्या गिड्ड्याकडे बघत राहिली.

“नाही,” ती म्हणाली. “हा पक्का. याच्यावर राज्य आलं तर आपण सगळ्यांनी सावकाश पळायचं.”

खेळ सुरू झाला. धूळ उडाली. गिड्ड्यावर लगेच राज्य आलं आणि त्याला एवढा आनंद झाला की पकडायचं सोडून तो टाळ्याच वाजवत सुटला. काटेसाहेब थोडा वेळ बाकावर बसून राहिले. मग उठले, पिशव्या सावरल्या आणि पोरांजवळ जाऊन उभे राहिले.

“मी येऊ का खेळायला?”

“तुम्ही मोठे आहात!” पोरं ओरडली. “टेपवाले काका नकोत!”

धाकटी कमरेवर हात ठेवून पुढे आली. तिने बाबाला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. बाबाच्या शर्टाला घामाचे डाग होते, गुडघ्यांना चटईची धूळ होती आणि गळ्यात आईच्या पिशव्या होत्या.

“येऊ दे,” ती पोरांना म्हणाली. “पण तो कच्चा लिंबू.”

काटेसाहेब पळाले. बाजारात त्यांना पाहून लोक पळतात, त्यामुळे स्वतः पळायची सवय मोडली होती. चार पावलांत त्यांची पिशवी झाडाला अडकली आणि गिड्ड्याने येऊन त्यांचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. काटेसाहेब थांबले. नियम म्हणजे नियम. त्यांनी हात वर केला.

“आउट! मी आउट आहे. आता माझ्यावर राज्य.”

धाकटी धापा टाकत जवळ आली. तिने गिड्ड्याचे हात सोडवले, झाडात अडकलेला पिशवीचा बंद सोडवला आणि बाबाच्या खांद्यावर नीट घातला. त्यासाठी तिला चवड्यांवर उभं राहावं लागलं.

“लिंबावर राज्य येत नसतं, बाबा,” ती म्हणाली. “पळ.”

काटेसाहेब पुन्हा पळाले, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तसेच.